काल दिसले नाही भाऊ!

जळगावात माणसाने दिवसाढवळ्या ओट्यावर डोळे मिटून बसणं हे आजारपणाचं लक्षण समजतात. जरा स्वस्थ बसलात की रस्त्याने जाणारा थबकतो. "काय भाऊ, बीपी वाढलं का?" उत्तर दिलं नाही तर तो काळजीने फाटक उघडून आत येतो, आणि दिलं तर ध्यान तिथेच आटोपतं. मग पाणी, मग चहा, मग त्याच्या साडूची अँजिओग्राफी. ऋषिमुनींचा तपोभंग करायला इंद्राला अप्सरा पाठवाव्या लागल्या. त्याला खान्देशातला एखादा शेजारी माहीत असता तर खर्च वाचला असता.

त्यात आमची हवा. नाकपुड्यांपाशी लक्ष ठेवा, आत येणारा श्वास गार लागेल, बाहेर जाणारा कोमट, असं ध्यान शिकवणारे सांगतात. त्यांनी मे महिन्यात एकदा जळगावला यावं. पारा ४५ च्या पुढे गेला की आमच्याकडे हा हिशेबच उलटा होतो. आत येतो तो कढत वारा, आणि ३७ अंशांच्या शरीरातून बाहेर पडतो तो त्यामानाने गार. माणूसच कूलर ठरतो.

तरीही आमच्याकडे डोळे मिटून बसणारे कमी नाहीत. धुळ्याजवळ, डेडरगावच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या बाजूला, तिखी गावाकडे 'धम्म सरोवर' नावाचं विपश्यना केंद्र आहे. खान्देशातली माणसं तिथे जाऊन दहा दिवस तोंड बंद ठेवून परत येतात. आमची माणसं लग्नाच्या पंगतीत किंवा एसटीच्या मागच्या बाकावर ज्यांनी ऐकली आहेत, त्यांनाच यातला चमत्कार कळेल.

मी गेलो तो काही निर्वाणासाठी नाही. बँकेतून निवृत्त झालो आणि झोप गेली. रात्री दोन वाजता मन जुनी कॅशबुकं तपासायला बसायचं. एका मित्राने विपश्यना सुचवली तेव्हा मी आधी, बँकेतल्या सवयीप्रमाणे, पार्टीची चौकशी केली. ही साधना १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आणली सत्यनारायण गोएंका यांनी, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर तिची शिबिरं चालू झाली, हे कळलं. पण मी तयार झालो ते त्यांच्या गुरूंची माहिती वाचून. सयाजी ऊ बा खिन हे व्यवसायाने हिशेबनीस. साधेसुधे नव्हेत, स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल. त्यांनी आपल्या कचेरीतल्या लोकांनासुद्धा ध्यान शिकवलं. जटा नाहीत, गुहा नाही, लेजर आणि व्हाउचर! म्हटलं, हा आपल्यातला माणूस. आणि गोएंका, मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी, त्यांच्याकडे गेले ते अर्धशिशीने बेजार होऊन. तेव्हा झोपेसाठी जाणारा मी काही पहिलाच स्वार्थी नव्हतो.

शिबिराची दिनचर्या आता पुष्कळांना ठाऊक आहे. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, अकराला जेवण, पाचला चहा आणि थोडं फळ, रात्री साडेनऊला दिवे बंद. मोबाइल जमा. फी नाही, आधी करून गेलेल्यांच्या दानावर पुढच्यांचं भागतं. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास पाहायचा, नंतर अंगभरच्या संवेदना. एवढंच. पण 'एवढंच' म्हणणाऱ्याने एकदा स्वतःच्या डाव्या गुडघ्याकडे तासभर न हलता पाहावं.

पाच वाजताच्या फळात एकदा केळं आलं. माझ्या शेजारी एक धिप्पाड गृहस्थ असायचे. त्यांनी ते केळं हातात घेतलं, देठ पाहिला, साल पाहिली, अंगठ्याने हळूच दाबलं, उजेडाकडे धरलं. इतक्या सजगतेने फळाकडे पाहणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मला वाटलं, हे बरेच पुढे गेलेले दिसतात. दहाव्या दिवशी मौन सुटलं. मौन सुटतं तेव्हा त्या आवारात जो कल्लोळ होतो तो गुरांच्या बाजारातही होत नसेल. सगळे एकदम बोलतात, कुणी ऐकत नाही, आणि तरी सगळे खूश असतात. त्या गर्दीतून ते गृहस्थ माझ्याकडे आले आणि इतके दिवस पोटात धरून ठेवलेलं वाक्य त्यांनी बाहेर काढलं: "ते केळं यांनी काय भावाने घेतलं असेल हो?"

ते यावल तालुक्यातले बागायतदार निघाले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो.

घरी आल्यावर सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसा, असं सांगितलेलं असतं. शिबिरात मौन सगळ्यांचं असतं, घरी एकट्याचं. आमच्या भागात पाणी दिवसाआड येतं आणि नेमकं पहाटे येतं. श्वास जरा सूक्ष्म होऊ लागला की स्वयंपाकघरातून हाक येते, "अहो, नळ आले!" या दोन शब्दांत जी जागृती आहे ती कुठल्या घंटेत नाही. फ्रान्समध्ये व्हिएतनामी भिक्षू थिच न्हात हान यांनी १९८२ मध्ये प्लम व्हिलेज काढलं. तिथे घंटा वाजली की, अगदी फोन वाजला तरी, सगळ्यांनी हातातलं काम थांबवून तीन श्वास घ्यायचे, अशी रीत त्यांनी घातली. आमच्याकडे नळ आल्यावर कुणी तीन श्वास घेत थांबला तर पिंपातली पातळी तेवढ्याने कमी राहते, आणि पुढचे दोन दिवस त्याचं फळ भोगावं लागतं.

हे पाणी वाघूर धरणाचं. वाघूर म्हणजे अजिंठ्याच्या लेण्यांना नालेच्या आकाराचा वळसा घालून खाली खान्देशात उतरते तीच. ज्या पाण्याच्या आवाजाशेजारी भिक्षू ध्यानाला बसत, तेच पाणी भरायला मी ध्यानातून उठतो. बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "ते भिक्षू स्वतःचं पाणी स्वतः भरायचे. तुम्ही ती निळी बादली आणा."

एकट्याचं बसणं दिवसेंदिवस आक्रसत गेलं. तासाचा अर्धा तास झाला, अर्ध्याची दहा मिनिटं, आणि पुढेपुढे मी आरामखुर्चीत पेपर वाचण्यालाच सजगता म्हणू लागलो. सावरलं ते रविवारच्या सामूहिक साधनेने. ज्यांचं एक शिबिर झालं आहे अशी जुनी साधक मंडळी आठवड्यातून एकदा एकत्र तासभर बसतात. आमची बैठक एका दुकानाच्या माडीवर भरते. खाली कुकर आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान, वर आम्ही. सराफ बाजारातले एक मुनीमजी, एक शिक्षिका ताई, भुसावळहून सकाळच्या गाडीने येणारे निवृत्त लोको पायलट, यावलहून मोटारसायकलवर येणारे अण्णा, आणि मी. शेवटी सगळे मिळून 'साधू, साधू, साधू' म्हणतात, तेव्हा खालचा मिस्त्री समजून चहा सांगतो.

या बैठकीत अध्यात्म किती आहे ते मला सांगता येणार नाही, पण तिथे दांडी मारता येत नाही. एक रविवार चुकवा. सोमवारी सकाळी भाजी बाजारात मुनीमजी भेटतात आणि विचारतात, "काल दिसले नाही भाऊ?" त्यात दटावणी नसते, उपदेश नसतो, नुसती नोंद असते. खान्देशातला हा प्रश्न फार जुना आहे. लग्नाला नाही आलात, दशक्रियेला नाही आलात, भरीत पार्टीला नाही आलात, की तो येतोच. मोबाइलवर ध्यानाची ॲप निघाली आहेत, ती रोज आठवण करतात म्हणे. पण त्यांना मेथीची जुडी हातात घेऊन तुमच्या चेहऱ्याकडे पाहता येत नाही.

मनाविषयी जळगावात बोलायचं म्हणजे शेजारच्या आसोद्याकडे, बहिणाबाईंच्या माहेराकडे, आधी मान लववावी लागते. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईने मनाच्या भटकेपणावर जे लिहून ठेवलं (म्हणजे लिहवून ठेवलं), त्यावर भर घालण्याची माझी टाप नाही. मला फक्त एवढंच दिसतं की भटकणाऱ्या मनाला आपण एकट्याने बांधू शकतो, ही समजूत खोटी आहे. हे मला शिकवलं ते पायलटकाकांनी.

ते म्हणतात, "श्वास पाहायला शिबिरात शिकलो. पण लक्ष ठेवायला इंजिनात शिकलो होतो." इंजिनात पायलट आणि सहायक दोघे असतात. पुढे सिग्नल दिसला की एकाने हात करून मोठ्याने पुकारायचं, "डिस्टंट डबल यलो!" आणि दुसऱ्याने तो स्वतः पाहून तेच पुन्हा म्हणायचं. रात्रीचे तीन असोत, पाऊस असो, दोघांचं भांडण झालेलं असो. भुसावळहून मनमाडपर्यंत, जळगाव, शिरसोली, म्हसावद, पाचोरा, चाळीसगाव, प्रत्येक सिग्नलला हेच. मी विचारलं, "दोघांनाही दिसतोय, मग ओरडायचं कशाला?" काका हसले. "भाऊ, डोळ्याला दिसतं. मनाला दिसतंच असं नाही. तोंडाने म्हटलं आणि दुसऱ्याने 'हो' म्हटलं, की पाहिलं." विजेच्या इंजिनात आणखी एक यंत्र असतं. मिनिटभर पायलटने कशालाच हात लावला नाही तर दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, तरी त्याने दाद दिली नाही तर ब्रेक आपोआप लागतात. काका त्या यंत्राला भन्ते म्हणायचे. सहायकालाही ते नाव माहीत होतं. "भन्ते बोलावतायत," म्हणून तो काकांना आठवण करायचा.

आणि मला पाली ग्रंथांतला आनंद आठवतो. संयुत्त निकायात हकिगत आहे की आनंद बुद्धांकडे मोठ्या उत्साहाने येऊन सांगतो, चांगल्या मित्रांची संगत म्हणजे निम्मी साधनाच झाली. बुद्ध त्याला थांबवतात. निम्मी नाही, सगळी. आनंदाने पन्नास टक्के मांडले होते, बुद्धांनी शंभर केले. बँकेत असा फरक निघाला असता तर चौकशी लागली असती. मला ते पूर्वी अतिशयोक्तीचं वाटायचं. इंजिनातल्या दोन माणसांचं ऐकल्यावर हिशेब जुळला.

एरवी गावोगाव फिरणारे भिक्षू पावसाळ्यात एका जागी राहत, तो त्यांचा वर्षावास. आमच्या वेशीपासून साठेक किलोमीटरवरचं अजिंठा आणि चाळीसगावच्या डोंगरातलं पितळखोरं ही अशी एकत्र राहण्याची ठिकाणं. मधे सामायिक दालन, भोवती छोट्या खोल्या. आपण लेणी पाहतो तेव्हा रंग पाहतो, पद्मपाणीचे डोळे पाहतो. मी हल्ली त्या खोल्या पाहतो. तीन महिने बाहेर धोधो पाऊस, आत ओले कपडे, शेजारच्या खोलीत घोरणारा, पलीकडे रोज तोच प्रश्न विचारणारा. ध्यानाची परीक्षा त्या खोल्यांत होत असणार. वर्षावास संपला की प्रवारणा व्हायची. प्रत्येक भिक्षूने संघापुढे बसून म्हणायचं की माझ्या वागण्यात तुम्ही काही पाहिलं असेल, ऐकलं असेल, किंवा नुसता संशय आला असेल, तर मला सांगा. पाहिलेलं आणि ऐकलेलं मी समजू शकतो. पण संशयसुद्धा! आमच्या गल्लीचा अर्धा कारभार त्या तिसऱ्या कलमावर चालतो. फरक एवढाच की आमच्याकडे निमंत्रणाची वाट कुणी पाहत नाही.

वर्षावास अजून चालू आहे, हे मला ताईंमुळे कळलं. त्यांच्या वस्तीतल्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होतं. ताईंनी बोलावलं म्हणून गेलो. त्रिशरण, पंचशील झालं. मग नववीतला एक मुलगा वाचायला बसला. तो घाईत एक ओळ गाळून पुढे गेला. पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या लुगड्यातल्या आजींनी हात वर केला. आजींना वाचता येत नाही, पण इतक्या पावसाळ्यांत ग्रंथ कानाने पाठ झालेला. "मागे जाय बाळा, एक राहिलं." मुलगा मागे गेला. पायलटकाका माझ्या शेजारी होते. त्यांनी मला कोपर मारलं आणि कुजबुजले, "सिग्नल."

तिथेच एक काका भेटले, ज्यांना आमचं डोळे मिटणं मुळीच पसंत नाही. "तुम्ही साधनावाले श्वास मोजत बसता," ते म्हणाले. मी म्हटलं मोजत नाही, पाहतो. ते म्हणाले, "तेच ते. चाळीसगावची टांग्याची गोष्ट माहीत आहे ना?" माहीत होती. २३ ऑक्टोबर १९२९. बाबासाहेब सरकारी समितीच्या कामावरून धुळ्याकडून परतताना चाळीसगावला उतरले. स्टेशनवर वस्तीतले लोक न्यायला आलेले. एकही टांगेवाला त्यांना नेईना. पाहुण्याला पायी न्यायचं त्या लोकांच्या जिवावर आलं. शेवटी टांगा मिळाला, टांगेवाला नाही. वस्तीतल्याच एकाने, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती, लगाम धरला. पुलाच्या कडेच्या दगडावर चाक आदळलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. पुढे त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. "तुम्ही डोळे मिटा," काका म्हणाले, "तेवढ्यात जग टांगा उलटवतं."

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. आमच्या माडीवर आडनावं विचारत नाहीत. मुनीमजींची चटई अण्णांच्या चटईला लागून, तिला लागून ताईंच्या वस्तीतल्या एका तरुणाची. त्यांचे गुडघे सारखेच दुखतात. पण तेवढ्याने चाळीसगावचा हिशेब फिटतो, असं म्हणण्याचा अधिकार गुडघ्याला नाही. काका मात्र परवाच्या रविवारी माडीवर आले. डोळे उघडे ठेवून पूर्ण तास बसले, आणि खाली उतरताना म्हणाले, "मुनीमजी झोपले होते." ते खरं होतं.

हिवाळ्यात अण्णांच्या मळ्यात भरीत असतं. हिरवी-पांढरी, बाळाच्या डोक्याएवढी वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, काळं साल काढायचं, आणि लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या, लसूण घालून कुटायची. वर कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. सोबत कळण्याची भाकरी. यंदा पायलटकाकांनी सूचना मांडली की पहिली भाकरी सगळ्यांनी मौनात, सजगपणे खायची. प्रत्येक घास पाहायचा, चव पाहायची. मंजूर झाली. आम्ही केळीच्या पानावर वाकून गंभीरपणे खाऊ लागलो. पहिल्या घासात धुराचा वास कळला, दुसऱ्यात लसूण. तिसऱ्या घासात मिरची. सजगतेने खाल्लेली खान्देशी मिरची ही वेगळीच चीज आहे. एरवी गप्पांच्या नादात ती निसटून जाते. इथे तिची संवेदना उगम पावताना, वाढताना, कानापर्यंत पोहोचताना स्पष्ट दिसत होती. मुनीमजींच्या डोळ्यांतून धारा. ताईंना उचकी. कुणी पाणी मागेना, कारण मौन. शेवटी अण्णांच्या सौ.नी चुलीपाशून पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "काय झालं? कोनी गेलं का?"

जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर, वादळ झालं. यावलच्या पट्ट्यात हे अधूनमधून होतंच. कापणीला आलेली, घडांनी वाकलेली केळी अर्ध्या तासाच्या वाऱ्यात आडवी होते. त्या रविवारी अण्णांची चटई रिकामी होती. बैठक संपल्यावर खालच्या चहासाठी कुणी थांबलं नाही. मुनीमजींची गाडी काढली आणि गेलो.

अण्णा बांधावर बसले होते. समोर बाग एका दिशेला पडलेली, घड चिखलात. आम्हाला पाहून ते उठले नाहीत. लांबूनच म्हणाले, "पहिलेच सांगतो. अनित्य-फनित्य सांगाले आले असान, तं चहा भेटनार नही."

कुणीच काही सांगायला आलं नव्हतं. मुनीमजींनी धोतर खोचलं. दुपारपर्यंत आम्ही विकण्याजोगे घड वेगळे काढून रस्त्याच्या कडेला आणले. काम आम्ही कमी केलं आणि अण्णांच्या गड्यांनी जास्त, हे मान्य. व्यापाऱ्याने सांगितलेला भाव ऐकून पायलटकाकांनी जो शब्द उच्चारला तो पंचशीलात बसत नाही. चहा भेटला. मग पडवीत बसून ताईंनी नुकसानीच्या पंचनाम्याचा अर्ज लिहायला घेतला. सातबारा समोर, वळणदार अक्षर, 'मा. तहसीलदार साहेब'पासून. लिहून झाल्यावर पायलटकाकांनी तो हातात घेतला आणि एकेक ओळ मोठ्याने पुकारू लागले. अण्णा सातबाऱ्यावर बोट ठेवून प्रत्येक ओळ मागून म्हणत होते. क्षेत्र बरोबर. पीक बरोबर. गट नंबराला अण्णा थांबले. ताईंनी एक आकडा मागेपुढे केला होता.